पेटीच्या सुरावर गिटार: घरच्या घरी शिकणाऱ्यांसाठी

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत गिटार येते तेव्हा बहुधा तिथे आधीपासून काहीतरी वाजत असते. कुठे आजोबांची पेटी असते, कुठे खोळीत घातलेला तंबोरा, तर कुठे भजनाच्या दिवशी बाहेर निघणारी ढोलकी. ज्या शहरात 1914 मध्ये शंकर गांधर्व महाविद्यालय आणि 1918 मध्ये माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले, त्या शहरातील मुलांच्या कानांवर सूर आणि ठेका न शिकवताच पडत राहतो. तरीही गिटार हाती आली की हे ऐकलेले सारे बाजूला ठेवून बोटे कुठे ठेवायची हे ठिपक्यांनी दाखवणारे तक्ते पाठ करायला सुरुवात होते, आणि माझ्या मते घरी शिकणाऱ्यांचे पहिले महिने तिथेच वाया जातात. गिटार कानाने शिकावी, तक्ता केवळ आधाराला ठेवावा, असे मला मनापासून वाटते. पुढील सर्व सूचना त्याच दृष्टीने दिल्या आहेत.

वाद्य निवडताना फार चिकित्सा करण्याची गरज नाही, परंतु दोन गोष्टी दुकानातच तपासून घ्याव्यात. पहिली म्हणजे तारांची उंची. गिटारीच्या मानेवर बसवलेल्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे पडदे, अर्थात फ्रेट; त्यांतील बाराव्या पडद्यापाशी तार आणि पडदा यांच्यातील अंतर साधारण दोन ते तीन मिलिमीटर असावे. ते चार-पाच मिलिमीटर असेल, तर नवख्या बोटांना तार दाबणेच कठीण जाईल आणि शिकणारा आपल्या बोटांना दोष देत राहील. दुसरी गोष्ट सुराची. एखादी तार मोकळी वाजवावी आणि मग तीच तार बाराव्या पडद्यावर दाबून वाजवावी. हा दुसरा सूर पहिल्याचा नेमका तार षड्ज असला पाहिजे, कारण बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो. तो चढा किंवा उतरलेला लागला, तर ते वाद्य कितीही देखणे असले तरी घेऊ नये. नायलॉनच्या तारा बोटांना सौम्य असतात, पण त्या गिटारीची मान रुंद असते. पोलादी तारांचा नाद अधिक खणखणीत असतो आणि गाण्याच्या साथीला तो चांगला उठतो. पोलादी तारांची गिटार घेतल्यास तिला सर्वांत हलक्या जाडीचा संच बसवून घ्यावा.

आता सूर मिळवण्याविषयी सविस्तर सांगतो, कारण पुढचे सर्व त्यावर उभे आहे. गिटारीच्या सहा तारा जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात. ही अक्षरे परकी वाटली तर पेटीकडे पाहावे: त्याच क्रमाने त्या पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि पुन्हा पांढरी तीन या पट्ट्या आहेत. एकाही काळ्या पट्टीची गरज लागत नाही. पहिल्या वेळी मोबाइलवरील ट्यूनरची मदत अवश्य घ्यावी, कारण सप्तक चुकून तार एक सप्तक वर चढवण्याचा प्रयत्न झाला तर ती तुटते. मात्र एकदा प्रत्येक तारेची जागा कानाला कळली की रोज पेटीवरच मिळवावे. भाता एकसारखा हलवावा, कारण दाब कमीजास्त झाला की पेटीचा सूरही किंचित हलतो. शक्य असल्यास घरातील कुणाला तरी पट्टी धरून बसण्याची विनंती करावी. जुन्या पेटीचा सूर ट्यूनरशी जुळत नसेल तर गोंधळून जाऊ नये. पेटीसोबत वाजवायचे असेल तर पेटीला प्रमाण मानावे, आणि एकट्याने वाजवायचे असेल तर ट्यूनरला.

पेटीही जवळ नसेल तेव्हा तारा एकमेकींवरून मिळवता येतात. सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार पाचव्या पडद्यावर दाबली की जो सूर येतो, तोच मोकळ्या पाचव्या तारेचा सूर. पाचवीवरून चौथी, चौथीवरून तिसरी आणि दुसरीवरून पहिली तारही अशीच पाचव्या पडद्यावरून मिळते. फक्त तिसरीवरून दुसरी मिळवताना चौथा पडदा धरावा. हा अपवाद पाठ करण्यापेक्षा समजून घेणे सोपे आहे. गिटारीच्या शेजारशेजारच्या तारांमध्ये षड्ज ते शुद्ध मध्यमाचे अंतर असते, आणि केवळ तिसऱ्या व दुसऱ्या तारेमध्ये ते षड्ज ते शुद्ध गंधाराचे असते. ज्याने कधी सा-म आणि सा-ग गळ्यातून म्हटले आहे, त्याला तार मिळाली की नाही हे कुणी सांगावे लागत नाही. दोन सूर जवळ आले की त्यांच्यात एक आंदोलन ऐकू येते. ते मंद होत होत थांबले की तारा मिळाल्या, हा तंबोऱ्याच्या जोडीचा अनुभव इथेही जसाच्या तसा उपयोगी पडतो.

येथे तंबोऱ्यावर कान तयार झालेल्यांसाठी एक खास सूचना. गिटारीचे पडदे सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून बसवलेले असतात. त्यामुळे तिच्यावरचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा थोडा चढा असतो. चांगल्या कानाला तो खटकतो आणि दुसरी तार थोडी उतरवण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण एका कॉर्डमध्ये, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटात, गोड लागण्यासाठी तार उतरवली की दुसऱ्या कॉर्डमध्ये तीच तार बेसूर होते.

तारा मिळाल्यावर लगेच कॉर्डकडे धावू नये. पहिले काही दिवस एकाच तारेवर अलंकार, म्हणजे ठरावीक क्रमाने स्वर घेण्याचे पलटे, वाजवावेत. मोकळी दुसरी तार षड्ज मानली, तर दुसरा पडदा रिषभ, चौथा गंधार, पाचवा मध्यम, सातवा पंचम, नववा धैवत, अकरावा निषाद आणि बारावा तार षड्ज. सारे पडदे अर्ध्या स्वराच्या अंतराने असल्यामुळे मधले पडदे कोमल-तीव्र स्वरांचे आहेत, हे आपोआप ध्यानात येते. सारेग, रेगम, गमप हे पलटे गळ्याने म्हणत म्हणत वाजवावेत. स्वरलिपी लिहिण्यासाठी भातखंडे पद्धत पुरेशी आहे: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली बिंदू आणि तार सप्तकाला वर बिंदू. त्याखाली तारेचा आणि पडद्याचा क्रमांक लिहिला की वही तयार झाली. गिटारीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणे, नीट घेता येत नाही अशी हुरहुर वाटली तर ती योग्यच आहे. गिटारीवर राग वाजवणारे ब्रिजभूषण काब्रा आणि विश्वमोहन भट्ट यांनी म्हणूनच गिटार आडवी धरून तारेवर धातूचा दांडा सरकवण्याची वाट घेतली. नवशिक्याने मात्र आधी बोटांनी पडदे दाबण्याचीच वाट धरावी.

बसण्याची पद्धत इथे थोडी बदलावी लागते. सतरंजीवर मांडी घालून रियाज करण्याची सवय असली, तरी गिटारीसाठी हात नसलेली खुर्ची किंवा स्टूल घ्यावे, वाद्याची कंबर उजव्या मांडीवर टेकवावी आणि पाठ सरळ ठेवावी. डाव्या हाताचा अंगठा मानेच्या मागे राहावा, मनगट फार वळू नये आणि बोट पडद्याच्या अगदी मागे, त्याला जवळजवळ लागून पडावे. बोट मध्येच पडले की दुप्पट जोर लागतो आणि तरीही तार खरखरते. डाव्या हाताची नखे बारीक कापावीत. टोके दुखतील, आणि काही आठवड्यांत ती घट्ट होतील. तोवर एकदम तासभर बसण्यापेक्षा सकाळी व संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटे बसणे अधिक लाभाचे.

कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे षड्ज, गंधार आणि पंचम. गंधार शुद्ध असेल तर मेजर आणि कोमल असेल तर मायनर. पेटीवर पांढरी एक, तीन आणि पाच एकत्र दाबली की सी मेजर ऐकू येतो. सहा, एक आणि तीन दाबली की ए मायनर. प्रत्येक कॉर्ड गिटारीवर धरण्यापूर्वी तो पेटीवर ऐकावा, म्हणजे बोट चुकल्यास कान लगेच सांगतो.

चार कॉर्डची एक साखळी मी सुचवतो, कारण तिच्यात एका कॉर्डमधून दुसऱ्यात जाताना बोटे फारशी उचलावी लागत नाहीत. प्रथम ई मायनर: मधले बोट पाचव्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर आणि अनामिका चौथ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर, सर्व सहा तारा वाजवाव्यात. आता हीच दोन बोटे जोडीने एकेक तार बारीक बाजूला सरकवावीत आणि तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या पडद्यावर ठेवावी. हा ए मायनर झाला. त्यातील तर्जनी व मधले बोट जागेवरच ठेवून केवळ अनामिका पाचव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर नेली की सी मेजर होतो. या दोन्ही कॉर्डमध्ये सर्वांत जाड तार वाजवायची नाही. पुढे सीमधील अनामिका आणि मधले बोट एकेक तार जाड बाजूला सरकवावे, म्हणजे अनामिका सहाव्या तारेच्या तिसऱ्या आणि मधले बोट पाचव्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर येईल. तर्जनी उचलावी आणि करंगळी पहिल्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर ठेवावी. हा जी मेजर. जीमधून पुन्हा ई मायनरला येताना मधले बोट तिथेच राहते, करंगळी सुटते आणि अनामिका चौथ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर येते. साखळी पूर्ण झाली.

कॉर्ड येणे म्हणजे तो धरता येणे नव्हे. एका कॉर्डमधून दुसऱ्यात वेळेवर पोहोचता आले, तरच तो आला असे समजावे. म्हणून प्रत्येक जोडीचा वेगळा सराव करावा: घड्याळ लावून एक मिनिट केवळ ई मायनर आणि ए मायनर यांच्यात ये-जा करावी. प्रत्येक वेळी सर्व तारा स्वच्छ वाजतात का हे पाहावे आणि न वाजणारी तार एकेक करून शोधावी.

उजव्या हातासाठी केरवा हा सर्वोत्तम गुरू आहे. आठ मात्रा तोंडाने म्हणाव्यात: धा गे ना ती, न क धी ना. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या मात्रेला हात खाली यावा आणि मधल्या मात्रांना वर जावा. कॉर्ड समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, बदलावा. हात कधीही थांबू देऊ नये; डाव्या हाताला उशीर झाला तरी उजवा लयीतच राहावा, कारण ऐकणारा एखादा अर्धवट कॉर्ड सहन करतो, पण तुटलेली लय सहन करत नाही. तबल्याच्या ॲपवर ठेका अगदी संथ लावावा आणि सलग काही आवर्तने निर्दोष झाल्यावरच थोडा वाढवावा. दादऱ्याच्या सहा मात्रा याच रीतीने बसतात. या दोन ठेक्यांत घरात गायली जाणारी बहुतेक भावगीते आणि भजने येतात.

साथ करू लागल्यावर पट्टीचा प्रश्न येतो. घरातील पुरुष काळी एकमध्ये गात असेल, तर पहिल्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सर्व तारा एकत्र दाबणारा चिमटा, लावून सी हा षड्ज धरावा. स्त्रीचा आवाज काळी पाचचा असेल, तर कॅपो तिसऱ्या पडद्यावर नेऊन जी धरावा. बोटांच्या जागा त्याच राहतात आणि गाणाऱ्याला आपली पट्टी सोडावी लागत नाही.

वाद्याच्या निगेत ग्वाल्हेरची हवा विसरून चालणार नाही. मे-जूनच्या कोरड्या उष्म्यात लाकूड आकसते, पडद्यांची टोके मानेबाहेर बोचू लागतात आणि क्वचित तडाही जातो. पावसाळ्यात तेच लाकूड फुगून तारा उंच होतात. गिटार कूलरच्या झोतात, पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीवर किंवा बंद गाडीत कधीही ठेवू नये. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसून ती पेटाऱ्यात ठेवावी. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत तारा चढतात आणि बोटे आखडतात, तेव्हा आधी हात शेकावेत, एका तारेवरचे पलटे घ्यावेत आणि मग सूर पुन्हा मिळवावा.

एफ मेजर हा तर्जनी आडवी टाकून धरण्याचा कॉर्ड पहिल्या महिन्यांत मागे लावून घेऊ नये. त्याऐवजी बारीक चार तारांचा छोटा एफ पुरतो: चौथी तार तिसऱ्या पडद्यावर, तिसरी दुसऱ्यावर आणि पहिल्या दोन तारा पहिल्या पडद्यावर तर्जनीच्या टोकाने एकत्र दाबलेल्या. साखळीतील चारही कॉर्ड केरव्यात न अडखळता फिरू लागले, की एकदा तरी जाणकार शिक्षकापुढे बसून मनगट, अंगठा आणि खांदा तपासून घ्यावा. हाताची चुकीची ठेवण आरशात सहसा दिसत नाही, आणि मनगटात दुखणे सुरू झाले असेल तर ही भेट पुढे ढकलू नये.