पालिकेच्या सॉफ्टवेअरचा कोड खुला हवा? मग निविदेत हे लिहा

‘सोर्स कोड महापालिकेकडे सुपूर्द करावा’ एवढ्या एका ओळीवर निविदा काढली, तर ठेका संपताना हाती एक झिप फाइल येते आणि ती कुठल्याच मशिनवर चालत नाही.

केंद्राचं २०१५ चं ओपन सोर्स धोरण इथे कामाला येत नाही. ते केंद्रीय कार्यालयांसाठी आहे, राज्यांनी स्वीकारलं तर राज्यांसाठी. स्वित्झर्लंडमध्ये १ जानेवारी २०२४ पासून संघराज्याच्या खात्यांना कायद्यानेच कोड खुला करावा लागतो. ठाण्यात किंवा बेलापूरला बसून मालमत्ता कराचं सॉफ्टवेअर मागवणाऱ्याला मात्र अट स्वतःच घालावी लागते.

आधी मालकी. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७: सार्वजनिक संस्थेच्या निर्देशाखाली झालेल्या कामाची पहिली मालक ती संस्थाच, पण वेगळा करार नसेल तर. ठेकेदाराच्या छापील करारात नेमका तो वेगळा करार असू शकतो. म्हणून हक्कांचं हस्तांतरण लेखी, सहीनिशी घ्या आणि ‘कायमस्वरूपी’ व ‘जगभरासाठी’ हे दोन शब्द विसरू नका. मुदत लिहिली नाही तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षं धरतात. क्षेत्र लिहिलं नाही तर भारतापुरतं. ठेकेदार स्वतःचा जुना कोड वापरणार असेल तर त्याची यादी बोलीसोबतच मागा. यादीत नाही ते सगळं नवं, म्हणजे पालिकेचं.

परवाना, म्हणजे खुला कोड इतरांनी कोणत्या अटींवर वापरायचा ते ठरवणारा दस्तऐवज. त्याचं नावही निविदेतच लिहा. एमआयटी परवाना असेल तर कोणीही बदल करून ते बंद कोडात विकू शकतो. एजीपीएल परवाना असेल तर बदललेलं सॉफ्टवेअर नुसतं सर्व्हरवर चालवणाऱ्यालाही त्याच्या वापरकर्त्यांना तो बदललेला कोड द्यावा लागतो. करवसुली, पाणीपट्टी, तक्रार नोंदणी यांना आम्ही एजीपीएलच सुचवू.

रिपॉझिटरी, म्हणजे कोड आणि त्यातल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं ऑनलाइन कोठार, पालिकेच्या खात्यावर हवी, कार्यादेशानंतरच्या पहिल्याच आठवड्यात. ती खुली करण्याआधी जुन्या कमिट (बदलांच्या नोंदी) तपासा. डेटाबेसचा पासवर्ड आज फाइलमधून पुसला तरी मागच्या कमिटमध्ये तो वाचता येतो, तेव्हा आधी पासवर्ड बदला, मग साफसफाई करा. चाचणीच्या डेटातही डोकवा. घोडबंदर रोडवरच्या खऱ्या करदात्यांचे मोबाइल नंबर तिथे राहून गेलेले असू शकतात.

खरी परीक्षा कोऱ्या मशिनवर. नवा उबुंटू सर्व्हर, हातात फक्त रीडमी (कोडसोबतची सूचनांची फाइल), ठेकेदाराचा माणूस खोलीबाहेर (चहाला पाठवा हवं तर). कोड उतरवा, बिल्ड करा (म्हणजे त्यापासून चालणारं सॉफ्टवेअर तयार करा), एक बनावट मालमत्ता नोंदवा, कराचं बिल छापा. गाडी अडते ती बहुधा या बिलावरच. पीडीएफ बनवणारी लायब्ररी (दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड) विकतची निघते आणि तिचा परवाना ठेकेदाराच्या नावावर असतो. नाहीतर जुनी नावं युनिकोडआधीच्या फाँटमध्ये साठवलेली असतात आणि ‘पाटील’च्या जागी रोमन अक्षरं-चिन्हांची खिचडी उमटते. देयकाचे शेवटचे २० टक्के या परीक्षेला बांधा. यूएटीला (स्वीकृतीआधी पालिकेच्या लोकांनी घ्यायच्या चाचणीला) बांधून उपयोग नाही, ती ठेकेदारानेच उभारलेल्या सर्व्हरवर होते.

राहता राहिलं मोबाइल ॲप. प्ले स्टोअरचं खातं, साइनिंग की (ॲपवर डिजिटल सही करण्याची किल्ली), डोमेन आणि एसएमएसची डीएलटी नोंदणी (एसएमएस पाठवणाऱ्या संस्थेची दूरसंचार कंपन्यांकडची नोंदणी) पहिल्या दिवसापासून पालिकेच्या नावे हवी. प्ले स्टोअरचं खातं ठेकेदाराचं असेल आणि तो रुसून बसला, तर अख्खा कोड हाती असूनही त्या ॲपचं अपडेट निघत नाही. नवं ॲप टाकून प्रत्येकाला ते पुन्हा उतरवायला सांगावं लागतं.