दीड हजार तिच्याच हातात पडावेत म्हणून

मी बीड जिल्ह्यात बँक सखी आहे, म्हणजे गावातच मशीनवर अंगठा लावून बँकेतले पैसे काढून देते. 'लाडकी बहीण'चा हप्ता जमा झाला की माझ्या मशीनपुढे बायांची रांग लागते. जुलै २०२४ पासून महिन्याला १५०० रुपये बाईच्या नावाने येतात. नावाने आले म्हणजे हातात आलेच, असं मात्र नसतं. आई, सासूबाई, कामाला येणाऱ्या मावशी, ज्यांच्यासाठी जमेल त्यांच्यासाठी एवढं करून द्या.

आधी खातं बघा. आधारला शेवटचं जे खातं जोडलंय, पैसे त्यातच जातात. आधारच्या 'मायआधार' या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस'मध्ये बँकेचं नाव दिसतं. नवऱ्याबरोबरचं जोडखातं असेल तर तिचं एकटीचं जनधन खातं काढा. त्यात किमान शिल्लक ठेवावी लागत नाही. खातं काढल्यावर आधार त्याला जोडायचा अर्जही द्या, नाहीतर हप्ता जुन्याच खात्यात पडत राहील. बँकेत आणि आधारला मोबाईल नंबर तिचाच हवा.

आता एटीएम कार्ड. कार्ड आणि पिन मुलाच्या खिशात असला की पैसे कधी आले, कधी गेले, तिला पत्ताच लागत नाही. अंगठ्याने पैसे काढायचे तर तिलाच यावं लागतं. म्हणून ज्या घरात पैसे काढून घेतात, तिथल्या बाईला मी कार्ड बंदच करायला लावते. माझ्याकडच्या एक मावशी आधी मुलासोबत यायच्या. नोटा तोच मोजून घ्यायचा. आता एकट्या येतात, हजार काढतात, पाचशे मागे ठेवतात. गुडघ्याचा एक्स-रे त्यांनी त्यातूनच काढला, कुणाला न विचारता. 'अंगठा लागला नाही, परत लावा' असं कुणी म्हणालं, तर आधी शिल्लक तपासून घ्या. पावती सोडू नका.

पीएम किसान आणि नमो शेतकरीचे मिळून महिन्याकाठी हजार मिळत असतील, तर 'लाडकी बहीण'चे ५००च येतात. त्यात कुणी पैसे खाल्लेले नसतात.

२०२५ मध्ये 'लाडकी बहीण'साठी ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणी झाली, तीत नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपी मागितला. मला ही अट अजिबात पटलेली नाही. बाईच्या हक्काच्या पैशाची किल्ली परत पुरुषाच्या मोबाईलमध्ये कशाला? नवरा वारलेल्या, घटस्फोट झालेल्या बायांचे फार हाल झाले. अंगणवाडी सेविकेकडे कागद द्यायची सोय नंतर झाली. मृत्यूचा दाखला किंवा कोर्टाचा आदेश, आधार आणि पासबुक, यांच्या दोन-दोन झेरॉक्स आताच काढून ठेवा, आणि कागद देताना पोच घ्या.