उशिरा आलेलं उत्तर, हरवलेलं उत्तर: एपीआयचा रिस्पॉन्स हाताळताना या चुका टाळा

तारकर्ली, गुहागर, हर्णै, दिवेआगर या पट्ट्यातल्या होमस्टेचं बुकिंग, देवगड-पावसच्या बागांतून थेट घरपोच जाणाऱ्या हापूसच्या पेट्या, स्कूबाचे स्लॉट, हे सगळं आता वेब अ‍ॅपवर चालतं. ही अ‍ॅप लिहिली आणि तपासली जातात ती चांगल्या वायफायवर. तिथे प्रत्येक रिक्वेस्टचं, म्हणजे एपीआयच्या (सर्व्हरशी बोलायच्या ठरलेल्या वाटेच्या) मार्फत विचारलेल्या प्रश्नाचं, उत्तर पापणी लवायच्या आत येतं, म्हणून कोडमधली चूक दिसतच नाही. वापरणारा मात्र कलमांच्या बागेत उभा असतो, मोबाइलवर रेंजची एकच काडी असते, आणि जूनमध्ये पाऊस लागला की तीही येते-जाते.

अशा ठिकाणी दोन गोष्टी मनाशी पक्क्या धराव्या लागतात. आलेलं उत्तर आत्ताच्याच प्रश्नाचं असेल असं नाही. आणि उत्तर आलं नाही, म्हणून काम झालं नाही असंही नाही. असिंक्रोनस, म्हणजे उत्तराची वाट न बघता पुढे चालणाऱ्या, कोडमधल्या ज्या चुका खरंच महागात पडतात, त्यातल्या बहुतेक या दोन गोष्टी विसरल्यामुळे होतात.

जुन्या तारखेचं उत्तर नव्या तारखेखाली

होमस्टेच्या मालकीणबाई फोनवर पाहुण्याशी बोलतायत. समोर बुकिंगचं पान उघडं आहे. पाहुणा म्हणतो २४ डिसेंबर. त्या २४ निवडतात. लगेच तो म्हणतो, "नाही हो काकू, २५ बघा." त्या २५ निवडतात. सर्व्हरकडे दोन रिक्वेस्ट गेल्या. २५ तारखेचं उत्तर आधी आलं: सगळ्या खोल्या भरलेल्या. मग अडखळत २४ तारखेचं आलं: एक खोली मोकळी. कोड एवढाच की रिस्पॉन्स आला की तो पडद्यावर टाकायचा. आता वर तारीख दिसतेय २५ आणि खाली "एक खोली उपलब्ध". काकू पाहुण्याला होकार देऊन मोकळ्या होतात, आणि नाताळात एका खोलीवर दोन कुटुंबं येऊन उभी राहतात.

कन्सोलमध्ये (ब्राउझरच्या नोंदींच्या खिडकीत) एकही एरर नाही. दोन्ही रिक्वेस्टचा स्टेटस २००, म्हणजे सगळं ठीक. म्हणूनच ही चूक सापडायला सगळ्यात अवघड. गणपतीत मुंबईहून आधी सुटलेली गाडी कणकवलीला आधी पोहोचेलच असं कोणी धरून चालत नाही. रिक्वेस्टच्या बाबतीत मात्र आपण सर्रास धरून चालतो.

उपाय, म्हणजे चालू रिक्वेस्ट मध्येच रद्द करायची सोय, ब्राउझरमध्येच आहे: अ‍ॅबॉर्टकंट्रोलर. नवी रिक्वेस्ट पाठवण्याआधी जुन्या कंट्रोलरवर अ‍ॅबॉर्ट करायचं, नवा कंट्रोलर बनवायचा आणि त्याचा सिग्नल फेचला (रिक्वेस्ट पाठवणाऱ्या फंक्शनला) द्यायचा. अ‍ॅबॉर्ट झालेलं प्रॉमिस (पुढे येणाऱ्या उत्तराची जागा धरणारी वस्तू) अ‍ॅबॉर्टएरर या नावाच्या एररने रिजेक्ट होतं, म्हणजे अपयशी ठरतं. कॅचमध्ये (एरर पकडणाऱ्या भागात) हे नाव ओळखून गप्प परत फिरा, नाहीतर दर वेळी तारीख बदलली की "काहीतरी चुकलं" असा लाल पट्टा दिसेल आणि लोक अ‍ॅपवरचा विश्वास सोडतील.

त्यावर आणखी एक कडी घालावी असं माझं मत आहे. पडद्यावर लिहिण्याच्या अगदी आधी तपासा: ही रिक्वेस्ट ज्या तारखेसाठी गेली होती, तीच तारीख आत्ता निवडलेली आहे का? नसेल तर उत्तर टाकून द्या. एका ओळीचं काम आहे. आणि तारीख बदलल्याक्षणी जुना निकाल पुसून "तपासत आहे" दाखवा. नव्या तारखेखाली जुना निकाल एक सेकंदही राहता कामा नये.

रिअ‍ॅक्टमध्ये (पडदे बनवायच्या लायब्ररीत) काम करणाऱ्यांनी हे अ‍ॅबॉर्ट यूझइफेक्टच्या क्लीनअपमध्ये (आधीचं काम आवरणाऱ्या फंक्शनमध्ये) ठेवावं. यूझइफेक्टला दिलेलं फंक्शनच असिंक करू नका. असिंक फंक्शन नेहमी प्रॉमिस परत करतं आणि रिअ‍ॅक्टला तिथे क्लीनअपचं फंक्शन हवं असतं. आत वेगळं असिंक फंक्शन लिहून ते बोलवा.

सर्च बॉक्सला डिबाउन्स लावला, म्हणजे टायपिंग थांबल्यावरच रिक्वेस्ट पाठवली, की हा प्रश्न सुटतो, असं बरेच जण समजतात. डिबाउन्सने रिक्वेस्टची संख्या कमी होते, त्यांच्या उत्तरांचा क्रम लागत नाही. डिबाउन्स जरूर लावा, पण अ‍ॅबॉर्ट तरीही हवंच.

"एकाच माणसाची दोनदा ऑर्डर कशी इली?"

एप्रिल-मे मध्ये आंब्याचा हंगाम भरात असताना बागायतदाराकडून असा फोन येतो. बागेतून ऑर्डर टाकली, गोल फिरणारा लोडर फिरतच राहिला, मग एरर आली. माणसाने साहजिकच पुन्हा बटण दाबलं. पाच डझनच्या दोन पेट्या एकाच पत्त्यावर रवाना.

इथे नक्की काय घडतं ते नीट समजून घ्यायला हवं. रिक्वेस्ट सर्व्हरपर्यंत पोहोचलीच नसेल. किंवा पोहोचली, डेटाबेसमध्ये ऑर्डर नोंदली गेली, आणि परत येणारं उत्तर वाटेत हरवलं. ब्राउझरच्या दृष्टीने दोन्ही सारखंच: फेच टाइपएरर फेकतो, क्रोममध्ये "फेल्ड टू फेच" असा संदेश दिसतो. त्या एररवरून ऑर्डर झाली की नाही हे कळण्याचा काही मार्ग नाही. तरीही कॅचमध्ये सर्रास "ऑर्डर झाली नाही, पुन्हा प्रयत्न करा" असं लिहिलेलं असतं. आपल्याला माहीत नसलेली गोष्ट आपण ग्राहकाला ठामपणे सांगतो, आणि तो ती ऐकतो.

बटण डिसेबल करणं पुरत नाही. माणूस पान रिफ्रेश करतो, टॅब बंद करून पुन्हा उघडतो. खरा उपाय म्हणजे आयडेम्पोटन्सी की, म्हणजे एकाच ऑर्डरचे सगळे प्रयत्न ओळखणारा क्रमांक. फॉर्म उघडतानाच ब्राउझरमध्ये एक युनिक क्रमांक तयार करा (क्रिप्टोमधलं रँडमयूयूआयडी यासाठी चांगलं, फक्त साइट एचटीटीपीएसवर हवी), तो सेशनस्टोरेजमध्ये (त्या टॅबपुरत्या साठ्यात) ठेवा, आणि त्या ऑर्डरच्या प्रत्येक प्रयत्नासोबत तोच पाठवा. टॅब बंद झाल्यावरही तो टिकायला हवा असेल तर लोकलस्टोरेज वापरा. ऑर्डर पक्की झाल्याचं उत्तर आलं की तो काढून टाका, नाहीतर पुढची खरी ऑर्डर जुन्याच क्रमांकाने जाईल. दर क्लिकला नवा क्रमांक बनवला तर सगळी मेहनत वाया. ही चूकही नेहमी दिसते.

सर्व्हरने त्या क्रमांकाच्या कॉलमवर युनिक इंडेक्स (तीच किंमत दुसऱ्यांदा न घेणारा नियम) लावायचा. "आधी शोधा, नसेल तर घाला" एवढ्यावर भागत नाही, कारण दोन रिक्वेस्ट एकाच वेळी आल्या तर दोघींनाही "नाही" असंच दिसतं आणि दोन्ही घालतात. डेटाबेसनेच दुसरी ओळ नाकारली पाहिजे, आणि सर्व्हरने पहिल्या ऑर्डरचंच उत्तर परत पाठवलं पाहिजे.

आपोआप रिट्राय करणारा कोड लिहिताना हेच भान ठेवा. एचटीटीपीच्या व्याख्येप्रमाणे गेट (वाचणं), पुट (बदलणं) आणि डिलीट (काढणं) या रिक्वेस्ट पुन्हा पाठवल्या तरी परिणाम तोच राहायला हवा. पोस्टला (ऑर्डरसारखी नवी नोंद पाठवणाऱ्या रिक्वेस्टला) ती हमी नाही. म्हणून आयडेम्पोटन्सी की नसेल तर पोस्टला आपोआप रिट्राय नको. ४०० किंवा ४२२ आला तर पुन्हा पाठवून उपयोग नाही, पाठवलेला डेटाच चुकलेला आहे. ४२९ (फार रिक्वेस्ट) किंवा ५०३ (सर्व्हर सध्या बंद) सोबत रिट्राय-आफ्टर हेडर आला तर तेवढं थांबा. एरवी प्रत्येक प्रयत्नामधलं अंतर वाढवत न्या आणि त्यात थोडा रँडम वेळ मिसळा. नाहीतर गावात रेंज परत आल्याबरोबर सगळे मोबाइल एकाच ठेक्यात सर्व्हरवर तुटून पडतील.

फेचला स्वतःची अशी वेळमर्यादा देता येत नाही. अ‍ॅबॉर्टसिग्नलच्या टाइमआउटमध्ये मिलिसेकंद देऊन ती आपण घालायची. मर्यादा संपली की टाइमआउटएरर येते. पण ऑर्डरच्या बाबतीत टाइमआउट झाला म्हणून "ऑर्डर रद्द" लिहू नका. "ऑर्डर पोहोचली का ते तपासत आहोत" असं दाखवा, आणि त्याच क्रमांकाने सर्व्हरला विचारा.

स्टेटस न बघता जेसन वाचणं

सर्व्हरने ४०४ (सापडलं नाही) किंवा ५०० (सर्व्हरची चूक) दिला तरी फेच रिजेक्ट होत नाही. फेचच्या लेखी उत्तर मिळालं, काम संपलं. रिस्पॉन्सचं ओके तपासायचं काम आपलं. स्टेटस २०० ते २९९ असेल तेव्हाच ते ट्रू असतं. अ‍ॅक्सिऑस (फेचऐवजी वापरली जाणारी लायब्ररी) मात्र २०० ते २९९ च्या बाहेरचा स्टेटस आला की आपणहून रिजेक्ट करतो, त्यामुळे त्याची सवय लागलेल्यांची इथे हमखास फसगत होते.

ओके ट्रू असूनही आत जेसन (डेटा पाठवायची ठरलेली मांडणी) असेलच असं नाही. साइट एचटीटीपीएसवर नसेल तर लॉजच्या वायफायवर आधी लॉगिनचं पान येऊ शकतं, आणि आपल्या एपीआयच्या जागी एचटीएमएल हातात पडतं. जेसन वाचताना पहिलाच कंस खटकतो आणि "अनएक्स्पेक्टेड टोकन" अशी एरर येते. ती दिसली की आधी नेटवर्क टॅबमध्ये प्रत्यक्ष काय आलं ते बघा. कोडमध्ये शोधत बसू नका. कंटेंट-टाइप हेडर तपासला तर हे कोडलाही कळेल. २०४ ला बॉडीच नसते, तिथे जेसन वाचायला गेलात तर एरर ठरलेली. आणि बॉडी एकदाच वाचता येते: एररचा मजकूर लॉगमध्ये टाकण्यासाठी आधी टेक्स्ट वाचलात तर नंतर जेसन वाचता येणार नाही. टेक्स्ट वाचून जेसन-पार्स स्वतः करा, हा सोपा मार्ग.

अवेट विसरणं, आणि नको तिथे लावणं

अवेट म्हणजे प्रॉमिसचं उत्तर येईपर्यंत थांबणं. फॉर-इचमध्ये (यादीतल्या प्रत्येकासाठी फंक्शन चालवताना) असिंक फंक्शन दिलं तर फॉर-इच कोणासाठीही थांबत नाही. पेट्यांची यादी एकेक करून सेव्ह करायला घेतली की "सगळं सेव्ह झालं" हा संदेश पहिली पेटी सेव्ह व्हायच्या आधीच झळकतो. एकामागून एक हवं असेल तर फॉर-ऑफ, सगळं एकदम हवं असेल तर मॅप आणि प्रॉमिस-ऑल.

ट्रायच्या आत नुसतं प्रॉमिस रिटर्न केलं, अवेट न लावता, तर त्यातली एरर तिथल्या कॅचमध्ये येत नाही. ती बोलावणाऱ्याकडे जाते. तिथे रिटर्न अवेट लिहा.

उलट बाजूची चूक: होमस्टेच्या पानाला खोल्या, दर आणि समुद्राच्या लाटांचा अंदाज हवा आहे, तिन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, तरी तीन अवेट एकाखाली एक. संथ नेटवर पान तिप्पट रखडतं. तिन्ही रिक्वेस्ट एकदम सोडा. पण इथे प्रॉमिस-ऑल घेऊ नका. त्यात एक रिजेक्ट झालं की सगळंच रिजेक्ट, म्हणजे लाटांचा अंदाज आला नाही म्हणून खोल्याही दिसणार नाहीत. २०२० पासून भाषेत असलेलं प्रॉमिस-ऑलसेटल्ड प्रत्येकाचा निकाल वेगळा देतं. खोल्या आल्या तर दाखवा, लाटांच्या जागी "सध्या माहिती नाही" लिहा. लाटा बघायच्या त्या मुख्यतः होड्यांसाठी, आणि समुद्रातल्या किल्ल्यांवर जाणाऱ्या होड्या पावसाळ्यात बंदच असतात. त्या काळात लाटांच्या आकड्यासाठी बुकिंग अडवणं तर अगदीच चुकीचं.

लोडर बंद करायची ओळ फायनलीमध्ये ठेवा. ट्रायच्या शेवटी ठेवली तर एरर आल्यावर तो फिरतच राहतो.

तपासायचं कसं

ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमधलं नेहमीचं थ्रॉटलिंग (मुद्दाम नेट संथ करायची सोय) सगळ्या रिक्वेस्ट सारख्याच संथ करतं, त्यामुळे क्रम उलटण्याची चूक त्यात बहुधा सापडत नाही. टेस्ट सर्व्हरवर प्रत्येक उत्तराआधी शून्य ते पाच सेकंदांचा रँडम उशीर घाला आणि तारखा भराभर बदलून बघा. नॅव्हिगेटरच्या ऑनलाइनवरही विसंबू नका. ते ट्रू असलं तरी मोबाइल कुठल्यातरी नेटवर्कला जोडलेला आहे एवढंच कळतं, पुढे इंटरनेट आहे की नाही ते कळत नाही.

ऑर्डरसाठी वेगळी टेस्ट लिहा: सर्व्हरने ऑर्डर डेटाबेसमध्ये नोंदवायची आणि उत्तर न देता कनेक्शन तोडायचं. मग ब्राउझरमधून बटण पुन्हा दाबा, पान रिफ्रेश करून आणखी एकदा दाबा, आणि टेबलमध्ये किती ओळी आहेत ते मोजा. एकापेक्षा जास्त असतील तर हंगाम सुरू व्हायच्या आत दुरुस्त करा.