मुलांचे फोटो, ‘हस ना’ न म्हणता

‘हस ना!’ म्हटलं की मूल दात दाखवतं, हसत नाही. त्याऐवजी त्याला उद्योग द्या: ठोकळ्यांचा मनोरा रचायला किंवा बाबांच्या कानात गुपित सांगायला. वेळ निवडायची ती झोप आणि खाणं झाल्यावरची. २०-३० मिनिटांत आटपा. कंटाळलेल्या मुलापुढे कुठलीच लेन्स चालत नाही.

गुडघ्यावर बसा, कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा. उभ्याने वरून टिपलं तर डोकं मोठं, पाय आखूड दिसतात.

धावत्या मुलासाठी शटरचा वेग (फोटो टिपताना शटर किती वेळ उघडं राहतं ते) १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा, बसून खेळणाऱ्याला १/२५० पुरतो. घरात उजेड कमी पडला तर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) १६००, अगदी ३२००सुद्धा बिनधास्त वापरा. फोटोत थोडे दाणे दिसले तरी चालतं, हललेला चेहरा मात्र नंतर दुरुस्त होत नाही. फ्लॅश नकोच. मुलाला खिडकीपासून मीटर-दीड मीटरवर, उजेड बाजूने येईल असं बसवा आणि खोलीतला पिवळा दिवा मालवा. नाहीतर एक गाल निळसर, दुसरा पिवळा.

सगळं कुटुंब असेल तर एफ/१.८चा, म्हणजे लेन्सचं छिद्र खूप मोठं उघडण्याचा, मोह टाळा, मागच्यांचे चेहरे धूसर होतात. एफ/५.६, म्हणजे लहान छिद्र, बरं. रांगेत उभं करू नका. कुणी बसलेलं, कुणी टेकलेलं असू द्या. हात कुठे ठेवायचे हा प्रश्न मोठ्यांनाच पडतो. मूल कडेवर दिलं की सुटतो.

मोबाइल असेल तर दोन पावलं मागे सरून २एक्स लेन्स लावा, जवळून नाक फुगतं.