इलेक्ट्रिक रेसिंग बाइक बनवताना कॅप्टनने या चुका टाळाव्यात

आमच्या पहिल्या बाइकची मोटर उत्तम होती, फ्रेमचं वेल्डिंगही देखणं होतं. बॅटरीचा डबा मात्र फ्रेममध्ये बसेना. डबेवाल्यांनी जुन्या ड्रॉइंगवरून मापं घेतली होती आणि फ्रेमवाल्यांनी आडवी नळी मध्येच सरकवली होती. चूक माझी. टीमचा कॅप्टन असून मी तेव्हा स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बोल्ट आवळत बसलो होतो.

दोन गटांच्या मधली जागा कुणाचीच नसते, म्हणून ती कॅप्टनची. डब्याचं माप, केबलची वाट, कनेक्टर कुठला, याचा एकच कागद ठेवा. बदल केला तर दोन्ही गटांची सही हवी.

बाइकच्या आतही तसंच, दुखणं बहुधा सांध्यात. थ्रॉटल पिळला की बाइक बंद पडते? बीएमएसची, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवून गरज पडली तर ती बंद करणाऱ्या सर्किटची, मर्यादा सैल करायचा मोह होईल, करू नका. वीस सेलगट सिरीजमध्ये (एकामागे एक) असलेला 72 व्होल्टचा पॅक पूर्ण चार्ज झाला की 84 व्होल्ट दाखवतो, पण ही नुसती बेरीज. लोड असताना प्रत्येक गटाचं व्होल्टेज लॉग करा. एकच गट कोसळत असेल तर सेलला दोष देण्याआधी त्याच्या बसबारचा (गट जोडणाऱ्या धातूच्या पट्टीचा) नट तपासा. सैल जोड तापतो आणि चांगल्या सेलला आजारी ठरवतो. अर्थात पान्हा इन्सुलेटेड, हातात मोजे आणि शेजारी दुसरा माणूस, हे हवंच.

प्रीचार्ज रेझिस्टर, म्हणजे कंट्रोलरचे कपॅसिटर आधी हळूहळू भरणारा रेझिस्टर, 'नंतर लावू' म्हणणारा भेटला तर तिथेच थांबवा. कंट्रोलरचे कपॅसिटर रिकामे असताना मेन कॉन्टॅक्टर (बॅटरी जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) जोडला की करंटचा लोंढा येतो, कॉन्टॅक्ट चिकटतात आणि किल स्विच दाबूनही बॅटरी कंट्रोलरपासून वेगळी होत नाही. प्रत्येक टेस्टआधी किल स्विच दाबून कंट्रोलरच्या टर्मिनलवर व्होल्टेज उतरतंय का ते मोजा.

गोव्याच्या पावसाळ्यात उघडा ठेवलेला कनेक्टर हिरवा पडतो. टोपण घाला, डब्यात सिलिका जेल ठेवा.

आणि वेळापत्रकात चवथ, म्हणजे गोव्यातली गणेश चतुर्थी, धरा. आम्ही धरली नव्हती. पेडणे-सत्तरीची पोरं घरी गेली ती पाच दिवस फिरकली नाहीत. आम्ही दोघं वर्कशॉपमध्ये पॅककडे बघत बसलो, कारण बीएमएसचा पासवर्ड एकाच्याच लॅपटॉपमध्ये होता आणि लॅपटॉप त्याच्या गावी केरीला, गणपतीवर फळं-पानं टांगतात त्या माटोळीखाली.