ट्रेकला, जंगलात न्यायला चाकू कुठला घ्यायचा, आणि कोयता कधी

आधीच सांगून टाकतो, ऑनलाइन 'सर्व्हायव्हल नाइफ' सर्च मारल्यावर तो जो काळाकुट्ट प्रकार दिसतो ना, पाठीवर करवतीचे दात, मुठीच्या बुडाला होकायंत्र, मूठ पोकळ आणि आत काड्यापेटी, गळ वगैरे भरलेलं, तो अजिबात घेऊ नका. मूठ पोकळ म्हणजे पातं आत जेमतेम इंचभर शिरलेलं, लाकडात अडकवून जरा जोर लावला की नेमकं तिथूनच मोडतं. पाठीवरच्या दातांनी लाकूड कापलं जात नाही, नुसतं खरवडलं जातं. आणि होकायंत्राबद्दल तर काय बोलायचं, शेजारी एवढं लोखंड असताना ते बिचारं उत्तर कुठली दाखवणार.

आता जरा विचार करा, सह्याद्रीत एका रात्रीच्या मुक्कामाला चाकूचं काम काय काय निघतं? कांदा-बटाटा चिरणे, दोरी कापणे, टेंटची खुंटी मोडली तर नवीन तासणे, पडलेली वाळकी फांदी चुलीत मावेल एवढी करणे, पावसात भिजलेलं लाकूड फोडून आतला कोरडा भाग काढणे, कुणाला लागलं तर कपड्याची पट्टी कापणे. बस्स. यातल्या एकाही कामाला दहा इंची पातं लागत नाही. म्हणून माझं मत सरळ आहे, साधारण चार इंची पात्याचा एक फिक्स्ड (न मिटणारा) चाकू आणि जोडीला एक फोल्डिंग करवत. लोक चाकूवर हजारो रुपये घालतात आणि करवत विसरतात, खरं तर चुलीचं निम्मं काम करवतच करते.

फिक्स्ड का, तर फोल्डिंगचा सांधा हाच त्याचा कमकुवत भाग. त्यात चिखल, वाळू, कांद्याचा रस सगळं जातं, आणि लॉक खराब निघालं तर पातं थेट बोटांवर मिटतं. फोल्डिंग वाईट असतं असं नाही हां, व्हिक्टोरिनॉक्सचं करवतवालं मॉडेल असेल तर त्याची ती छोटी करवत अंगठ्याएवढी काठी आरामात कापते. फ्रान्सचा ओपिनेल ८ नंबर पण झकास, कांदा-टोमॅटोला त्याच्यासारखा नाही, पण मूठ लाकडाची असल्यामुळे आपल्या पावसात फुगते आणि मग पातं बाहेर काढायला नखं तुटायची वेळ येते. हिवाळ्यात न्या.

फिक्स्ड चाकू बघताना पहिलं बघायचं पात्याची पट्टी मुठीत कुठवर गेलीय. शेवटपर्यंत गेली असेल तर त्याला फुल टँग म्हणतात, चाकू लाकडावर ठेवून वरून दुसऱ्या लाकडाने ठोकून फोडायचं असेल तर हाच हवा. पण याचा फार बाऊ पण करू नका, स्वीडनचा मोरा कंपॅनियन बघा, पातं साधारण दहा सेंटीमीटर, पट्टी मुठीत पूर्ण जात नाही तरी जगभर लोक वापरतात, फक्त त्याला मनगटापेक्षा जाड लाकूड फोडायला लावू नका. जाडी अडीच ते तीन मिलिमीटर पुरते. पाच-सहा मिलिमीटर जाड चाकू हातात घेतला की भारी वाटतं पण कांदा चिरायला गेलात की कांदा चिरला जात नाही, फुटतो.

पात्याचं टोक पाठीच्या रेषेपासून जरासं खाली, मध्याच्या आसपास उतरलेलं असावं, त्याला ड्रॉप पॉइंट म्हणतात, सगळ्या कामाला चालतं. अर्धी धार साधी आणि अर्धी दातेरी असलेले चाकू टाळा, ते दाते घरी साध्या दगडावर पाजवता येत नाहीत आणि मुठीजवळची जी जागा तासायला सगळ्यात उपयोगी तिथेच ते असतात. पाठीची कड काटकोनात, टोकदार असेल तर फेरो रॉड (घासल्यावर ठिणग्या देणारी धातूची कांडी) घासून ठिणगी पाडायला कामाला येते, गोल गुळगुळीत पाठीवर ठिणगी नीट पडत नाही.

स्टीलवर लोक रात्र रात्र वाद घालतात पण आपल्यासाठी प्रश्न एवढाच आहे की पावसात नेणार का. कार्बन स्टीलला धार पटकन लागते, पण जुलैत घाटमाथ्यावर ओला चाकू रात्रभर म्यानात राहिला की सकाळी तांबूस डाग दिसलेच समजा. म्हणून पहिला चाकू स्टेनलेसच घ्या, १२सी२७ किंवा ४२०एचसी असं काही लिहिलेलं असेल तर डोळे झाकून चालेल, कडकपणा रॉकवेलवर ५६ ते ५८ च्या आसपास. यापेक्षा खूप कडक स्टील धार जास्त दिवस धरतं खरं, पण गेली की साध्या दगडावर परत आणताना घाम निघतो. कार्बनचा घेतलाच तर प्रत्येक वापरानंतर कोरडा पुसून खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं, खायचं कापणार असल्यामुळे मशीनचं ऑइल नको. आणि चामड्याचं म्यान दिसायला देखणं असलं तरी पाणी पिऊन बसतं, पावसाळ्यात प्लॅस्टिकचंच बरं. दुकानात म्यान उलटं धरून हलवून बघा, चाकू खाली पडला तर ते म्यान नाही.

करवत घेताना बागकामाची फोल्डिंग करवत बघा, पातं अठरा-वीस सेंटीमीटरचं, आणि दात असे की ओढताना कापेल. ढकलताना जोर लावायचा नाही, पातं वाकतं. मनगटाएवढी वाळकी फांदी एक-दोन मिनिटांत होते, तेच चाकूने करायला गेलात तर अर्धा तास आणि हाताला फोड.

आता कोयता. कोकणात बागेत, रानात काम करणाऱ्या माणसाच्या कमरेला आकडी आणि त्यात कोयती असतेच, आणि त्याच्या हातात ती जे करते ते कुठलाही इम्पोर्टेड चाकू करू शकत नाही. टोक आत वळलेलं असल्यामुळे काटेरी फांदी हात न घालता ओढून कापता येते, बांबू तिरका एका घावात. पण ज्याने कधी चालवली नाही त्याने निसरड्या वाटेवर ती घेऊन फिरणं म्हणजे स्वतःच्याच नडगीला आमंत्रण. गावातला वाटाड्या बरोबर असेल तर ते काम त्याच्यावर सोडा. तुमची जमीन असेल, बाग असेल, तर मात्र घ्याच, आणि ऑनलाइन नको, आठवडे बाजारात लोहाराकडून नाहीतर घिसाड्याकडून. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून केलेला मागा. धारेला पाणी नीट दिलंय का (तापवून, बुडवून कडक केलीय का) ते बघायला बारीक कानस धारेवर हलकेच फिरवा, लोण्यासारखी चावत गेली तर लोखंड मऊ आहे, धार दुमडणार. अजिबात न चावता काचेवरून गेल्यासारखी घसरली तर उलट जास्त कडक, गाठीवर बसली की टवका उडणार. दोन्हीच्या मधला पाहिजे. मूठ लाकडाची असेल तर शेंबी (मुठीच्या तोंडावरचं धातूचं कडं) घट्ट आहे का हलवून बघा. सैल मूठ पाण्यात भिजवून घट्ट करतात लोक, पण वाळली की आधीपेक्षा जास्त सैल होते, पाचर मारून घेतलेली बरी. ऊसतोडीचा पातळ कोयता लाकडाला वापरू नका, त्याचं काम वेगळं.

कायद्याचा भाग कंटाळवाणा वाटेल पण वाचा. शिकारीचा विषय आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपलेला आहे, जाळं किंवा फास लावणं हीसुद्धा शिकारच धरली जाते, त्यामुळे 'हंटिंग नाइफ' हे इथे नुसतं दुकानदाराचं लेबल. अमेरिकेत वगैरे राहून परवाना काढून हरणाच्या शिकारीला जाणाऱ्यांना पण हाच तीन-चार इंची ड्रॉप पॉइंट पुरतो, कातडं सोडवायला मोठं पातं उलट अडचणीचं. बरं, त्या १९७२ च्याच कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत चाकूचं नाव आहे आणि अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही. म्हणजे कळसूबाई-हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, कोयना इथे जाताना आधी वनखात्याला विचारा, चौकीवर ठेवून जा म्हणाले तर ठेवून जा, वाद घालू नका. तिथे लाकूड तोडणं वाळकं असलं तरी नाही, स्टोव्ह न्या. घरून भाजी चिरूनच नेली तर प्रश्नच मिटला.

दुसरं म्हणजे आर्म्स ॲक्ट, नऊ इंचापेक्षा लांब किंवा दोन इंचापेक्षा रुंद पात्याची हत्यारं त्यात येतात, घरगुती आणि शेतीची अवजारं सोडून. पण 'शेतीचा कोयता आहे हो' हे कारण रात्री अकराला पुण्याच्या नाक्यावर चालेल असं समजू नका, शस्त्रबंदीचे आदेश असतात आणि पुण्यात कोयते घेऊन टोळक्यांनी जी दहशत माजवली त्यानंतर पोलीस ऐकायच्या मूडमध्ये नसतात. म्यानात घालून, कापडात गुंडाळून बॅगेच्या तळाशी. विमानात फक्त चेक-इन बॅगेत. इंग्लंडमध्ये असाल तर कारण न देता खिशात ठेवता येतो तो फक्त लॉक नसलेला, तीन इंचापर्यंत धारेचा फोल्डिंग.

वापरताना एकच गोष्ट डोक्यात ठेवा, बसून मांडीवर काही तासायचं नाही, मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रक्तवाहिनी जाते आणि गडावर ॲम्ब्युलन्स येत नाही. गुडघ्याच्या पुढे, अंगापासून लांब, नाहीतर ओंडक्यावर टेकवून. बोथट चाकू हात जास्त कापतो कारण त्याला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की सटकतो.

म्हणून धार. ४०० आणि १००० ग्रिटचा (एक बाजू खरखरीत, एक बारीक) दुतोंडी दगड घ्या. चाकू आडवा ठेवून पाठ पात्याच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश उचला, झाला वीस अंशाचा कोन, मोजपट्टी नको. मोरासारख्या चाकूला मात्र धारेची तिरकी बाजू अख्खी दगडावर सपाट टेकते, तशीच घासायची. एका बाजूने घासत रहा, दुसऱ्या बाजूला पाठीकडून धारेकडे बोट हळूच नेल्यावर बारीक खरखर लागेपर्यंत, मग बाजू बदला. शेवटी जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर धार मागे ठेवून ओढा. गडावर दगड नसेल तर चिनीमातीच्या कपाच्या बुडाची ती खरखरीत, ग्लेझ नसलेली कड असते ना, तिच्यावर दहा-बारा हात मारले की टोमॅटो कापण्यापुरती धार येते.