पेशींच्या थरावर ओरखडा कसा काढावा

कॅन्सरच्या बीजाला, म्हणजे पसरणाऱ्या पेशीला, मानवणारी माती, म्हणजे रुजता येईल असा अवयव लागतो, हे इंग्रज शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये मांडलं. पण आधी पेशीने जागा तर सोडायला हवी! पेशीचं ते चालणं दिसावं म्हणून प्रयोगशाळेतल्या नव्या मुलांना मी पहिल्यांदा ओरखडाच शिकवते: पेशींच्या थरात फट पाडायची आणि पेशी चालत येऊन ती किती भरतात ते बघायचं.

एमडीए-एमबी-२३१ या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी प्लेटभर दाट वाढू द्या. प्लेटच्या तळाला मार्करने खूण करा. पिपेटची २०० मायक्रोलिटरची प्लास्टिकची टिप उभी धरून एका दमात रेघ ओढा. हात अडखळला की कड फाटते. सुटलेल्या पेशी पीबीएसने (पेशींना न दुखावणाऱ्या क्षारांच्या द्रावणाने) हलकेच धुऊन काढा. मग कमी सीरमचं (पेशींची वाढ करवणारा रक्तातला द्रव कमी असलेलं) पोषक माध्यम घाला, नाहीतर पेशी संख्येने वाढून फट भरतात आणि त्या चालल्या असं आपल्याला वाटतं. माझे दोन महिने यातच वाया गेले. लगेच आणि २४ तासांनी, खुणेपाशीच फोटो घ्या.